दत्ता, ते झाकण लावायचं होतं

दत्ता, गाडी अजून तिथेच उभी आहे. चाळीच्या जिन्याला लागून, तोंड करी रोडच्या पुलाकडे करून. तू बॉनेट उघडं टाकून गेलास, ते मी लावलं, एवढाच फरक. परवा तुझं तेरावं झालं. वहिनींनी वडे केले होते. तुझ्या गॅरेजसमोरून जाताना मी सवयीने आत बघितलं आणि हात वर केला. आत कोण असणार? तुझी ती कुबट बनियन खिळ्याला लटकली होती. मी तिलाच हात करून पुढे गेलो.

मेल्यावर माणसाबद्दल बरंच बोलायचं असतं म्हणे. तेराव्याला सगळे बोललेच. दत्ताराम देवमाणूस, दत्तारामच्या हाताला यश. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. देवमाणूस कसला, एक नंबरचा हेकट होतास तू. उसना पाना परत मागायला कोणी आला तर त्यालाच शिव्या घालायचास. आणि हाताला यश म्हणशील तर माझी गाडी तुझ्या हातात मेली. हे तिथे बोललो नाही, वहिनी समोर होत्या. पण तुला सांगतो, मला तुझा राग आलाय. इतका राग आलाय आणि भांडायला तू जागेवर नाहीस, ही कुठली रीत.

आपली ओळखच भांडणातली. मिलच्या मागखात्यात मी चार माग सांभाळायचो आणि तू फिटर. माझा माग बंद पडला की तू यायचास, आधी माझ्यावर डाफरायचास आणि मग मागाला हात लावायचास. डाफरायचास म्हणजे नुसते ओठ हलवायचास. त्या खात्यात एवढा गडगडाट की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. सगळे ओठांवरूनच बोलायचे आणि ओठांवरूनच समजायचे. तू मला पहिली शिवी दिलीस ती मी ऐकली नाही, वाचली. पुढे मिल सुटली तरी आपली ती खोड सुटली नाही. तू गल्लीच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला, मध्ये लाऊडस्पीकर बोंबलतोय, आणि आपलं निवांत बोलणं चालू. वहिनी म्हणायच्या, हे दोघे मुके बसलेत म्हणजे नक्कीच कोणाची तरी निंदा चाललीय.

संप झाला आणि आपण दोघेही रस्त्यावर आलो. गावी जाऊन पोरांना काय घालणार म्हणून मी टॅक्सीचा बिल्ला काढला. तू जिन्याखालच्या त्या कोनाड्यात पाने-स्क्रूड्रायव्हर मांडलेस. पण त्याच्याआधीची एक गोष्ट आहे, ती तू मला सोडून कोणाला सांगितली नाहीस. मिल पुन्हा काही उघडत नाही असं दिसल्यावर कंत्राटदाराने फिटर लोकांना बोलावलं. माग भंगारात काढायचे होते. बिडाचा माग कुठे हातोडा मारला की तुटतो हे फिटरलाच माहीत. घरात खायला नव्हतं, तू गेलास. संध्याकाळी पुलाखाली भेटलास तेव्हा अंगभर गंजाची पूड. मी विचारलं, काय झालं? तुझा आवाज फुटेना. नुसते ओठ हलले. ‘चालू होते रे सगळे.’

त्यानंतर तुझ्या गॅरेजातून कुठलीच गाडी भंगारात गेली नाही. लोक हसायचे. अरे, ही आता मोडीत घाल, असं गिऱ्हाईक स्वतः म्हणायचं आणि तू त्यालाच हाकलायचास. तुझा हात इंजिनावर पडायचा, डोळे मिटायचे. दुसरे मेकॅनिक कान लावायचे, तू तळवा लावायचास. मागखात्यात कानाचा उपयोग नव्हता, म्हणून तुम्हा फिटर लोकांना यंत्राची थरथर हातानेच कळायची. तीच विद्या तू माझ्या काळ्या-पिवळीला लावलीस. एकदा भायखळ्याला ॲक्सिलरेटरची केबल तुटली, मागे बाळंतपणाला निघालेली बाई. मी फोनबूथवरून चाळीत निरोप दिला, तू धावत आलास आणि खिशातून परकराची नाडी काढलीस. वहिनींची. येताना दोरीवरचा परकर दिसला, त्यातली ओढून आणलीस. त्या नाडीवर आपण नायर हॉस्पिटलपर्यंत गेलो. बाईला मुलगी झाली. वहिनी मात्र महिनाभर तुझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

ती काळी-पिवळी तू किती वर्षं चालवलीस ह्याचा हिशोबच नाही. चालवायचो मी, पण चालवलीस तू. तिच्यावर माझ्या दोन पोरी उजवल्या, आईचं आजारपण निघालं. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, चहा पाज आणि गप बस.

मग सरकारने जुन्या टॅक्स्या बंद केल्या आणि मी ही नवी घेतली. पांढरी, एसी, बटणाने काचा खाली-वर. चाळीतली पोरंटोरं तिच्याभोवती जमली. तू दुपारपर्यंत बाहेर आला नाहीस. नंतर आलास, बॉनेट उघडायला लावलंस आणि बघत राहिलास. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकने झाकलेलं. तू त्या प्लॅस्टिकवर तळवा ठेवलास, मी इंजिन चालू केलं. बराच वेळ ठेवलास. मग हात काढून लुंगीला पुसलास आणि म्हणालास, “काय बोलणाच नाय ही.”

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हणायचो, दत्ता, आता ह्या गाड्या आपल्या राहिल्या नाहीत. लॅपटॉप लावायचा, तो सांगेल ते बदलायचं. तू चिडायचास. “नाम्या, मेल्या, माणसानच बनवल्यानी मां? मगे माणसाक उघडूक येतला.” मी म्हणायचो, अरे, ते बनवतातच तू उघडू नये म्हणून. सगळं डिंकाने चिकटवलेलं, स्क्रूसुद्धा नाही. तू म्हणायचास, चिकटलेला सुटता. दर आठवड्याला हेच. समोर टॉवर उभे राहिले, त्यांच्या गाड्या तुझ्या दारावरून जायच्या आणि थांबायच्या त्या फक्त हवा भरायला. तरी तुझा हेका सुटला नाही.

आणि मग गाडी बंद पडायला लागली. सकाळी ठणठणीत, ऊन चढलं की रस्त्यात मान टाकायची. थंड झाली की परत चालू. दादर टीटीच्या सिग्नलला पॅसेंजर उतरून शिव्या देत निघून गेला तेव्हा मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तू बरोबर आलास, नको म्हणत असताना. तिथला मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. आपल्याला खुर्ची दिली, लॅपटॉप लावला आणि वहीएवढं काळं खोकं दाखवलं. ईसीएम. इंजिनाचा सगळा कारभार त्याच्याकडे. ते बिघडलंय म्हणाला.

“मग उघडून बघ ना,” तू म्हणालास.

“काका, आम्हीसुद्धा हे उघडत नाही. पूर्ण बदलतो. आणि ह्या मॉडेलचं आता येतच नाही.”

“दुसऱ्या गाडीतला लाव.”

“ते तुमची चावी ओळखणार नाही. कंपनीकडून दोघांची ओळख घालून द्यावी लागते, आणि ह्या मॉडेलसाठी ते काम कंपनीने बंद केलंय. खरं सांगू का काका, इंजिन अजून दहा वर्षं जाईल. पण हे नाही तर काहीच नाही.”

तू त्याच्याकडे बघून ओठ हलवलेस. त्याला कळलं नाही, मला कळलं. तेच वाक्य होतं. चालू होते रे सगळे.

मला त्या दिवशीच कळून चुकलं होतं. ह्या वयात नवीन गाडी मला कोण देतो? बँक देणार नाही आणि मुलगी म्हणते, बाबा, आता बसा घरी. घरी बसून करू काय? दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडे बघत? चार माणसं गाडीत बसतात, बोलतात, भांडतात, त्यावर माझा दिवस जातो. ही गाडी गेली की मी संपलो, हे तुला मी बोललो नव्हतो. पण तू वाचलं असशील. म्हणून तर खोकं काढून घेतलंस आणि म्हणालास, माझ्याकडे दे.

उन्हाळ्यात घेतलंस, पावसाळा गेला. मी रोज येऊन बसायचो आणि रोज तुला मोडता घालायचो. सोड रे, मोडीत घालू. तू ऐकशील तर शपथ. झाकण डिंकाने चिकटवलेलं होतं, ते वहिनींच्या तव्यावर शेकून शेकून सोडवलंस. भाकऱ्यांना आठवडाभर वास येत होता. आत हिरवी पाटी आणि तिच्यावर मुंगीएवढे तुकडे. तुझी बोटं केवढी, नि ते तुकडे केवढे. लालबागच्या घड्याळवाल्याकडून भिंग आणलंस, डोळ्याला लावून दिवस दिवस बघत बसायचास. नजर तर कधीचीच गेलेली. कित्येकदा ते बसवून चावी फिरवली, कित्येकदा काही झालं नाही. एकदा तर तू स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलास आणि मी बाहेर उभा राहून बिडी ओढत होतो. मला वाटलं, आता तरी सोडेल.

मग एका सांध्याला तुला केसासारखी चीर सापडली. सोल्डरची झाळ तडकलेली. तापलं की उघडायची, थंड झालं की मिटायची. तू मला भिंगातून दाखवलीस, मला काही दिसली नाही, पण मी दिसली म्हणालो. तू झाळ दिलीस, खोकं बसवलंस, मी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. बंद केली, पुन्हा चालू केली. तापू दिली, तरी चालूच. खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची दुपार होती. आपण वरळी सीफेसपर्यंत गेलो, एसी लावून, काचा वर. तू शेजारी बसलास आणि सबंध रस्ता तळवा डॅशबोर्डवर ठेवून होतास. परत येताना म्हणालास, “आता बोलता हां ही.”

दत्ता, आयुष्यात मी एवढा खूश क्वचित झालोय. भांडण हरलो होतो आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज गोड कर काहीतरी.

झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. चिकटवायचं सिलिकॉन संपलं होतं म्हणून राहिलं, असं नाही. मला माहीत आहे का राहिलं. मिलमध्ये खंडेनवमीला यंत्रं उघडून ठेवायचा आपल्या खात्याचा रिवाज. बायकापोरं नटूनथटून यायची, मागांना झेंडूच्या माळा, आणि खात्याचा मुकादम, जॉबर, आधी सगळीकडे फिरून बघायचा की प्रत्येक झाकण उघडं आहे ना. बंद यंत्राला पूजा पोचत नाही, असं तो म्हणायचा. तू मागाला हळद-कुंकू वाहायचास, नारळ फोडायचास आणि पाणी बोटांनी आतपर्यंत शिंपडायचास. बिडाच्या मागाला नारळाच्या पाण्याने काय होतंय. उलट दुसऱ्या दिवशी त्याला वंगण देताना आतला गोडसर वास यायचा.

तशीच तू ह्या वर्षी पूजा मांडलीस. कितीतरी वर्षांत एवढी थाटात मांडली नव्हतीस. पाटावर धुतलेले पाने, जॅक, घड्याळवाल्याचं भिंगसुद्धा. गाडीला माळ. बॉनेट उघडं, खोकं उघडं आणि इंजिन चालू, कारण सगळ्या चाळीला दाखवायचं होतं. खरंच दाखवण्यासारखं होतं. मंडळाचा स्पीकर दणदणत होता. तू नवीन सदरा घातला होतास. नारळ दगडावर फोडलास, वाटी हातात घेतलीस आणि आधी पाटावर शिंपडलंस. मग तसाच पुढचा हात बॉनेटच्या आत फिरला. हाताने विचारलंच नाही तुला. जन्मभर जसा फिरत आला तसा फिरला.

गाडी एकदा हिसकली आणि गप्प झाली.

लोकांना काही कळलं नाही. स्पीकरच्या आवाजात इंजिन बंद पडलेलं कोणाला ऐकू येणार. पोरं खोबरं घेऊन पळाली, वहिनी प्रसाद वाटत होत्या. तू वाटी हातात घेऊन उभा होतास. मी गाडीच्या ह्या बाजूला, तू त्या बाजूला. तुझे ओठ हलले, “पाणी.” मी म्हणालो, “काय नाय रे.” तेही ओठांनीच. त्या दिवसानंतर आपण ह्यावर एक शब्द बोललो नाही.

तू ते खोकं काढून वहिनींच्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलंस. मोबाईल भिजला की पोरं ठेवतात ना, तसं. बाहेर काढलं तेव्हा पाटीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं आणि मधला मोठा तुकडा जळून काळा. भिंग लावायचीही गरज नव्हती. तू ते पुसत राहिलास. ब्रशने, स्पिरिटने, कापसाने. मी येऊन बसायचो, चहा पिऊन जायचो. सोड, मोडीत घालू, असं आता म्हणवत नव्हतं. शेवटी मी जिंकणार असं दिसायला लागल्यावर भांडायची इच्छाच गेली. तू गॅरेज उघडायचास, आत बसायचास, कोणी पंक्चर घेऊन आला तर म्हणायचास, दुसरीकडे जा. मी ह्याला म्हातारपण म्हटलं, वहिनींनी अशक्तपणा म्हटलं. डॉक्टर म्हणाले हृदय.

हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी होतो तेव्हा तू मास्कच्या आत काहीतरी बोललास. दत्ता, मागखात्यातल्या धुरळ्यात, तीन-तीन मागांपलीकडून मी तुझे ओठ वाचलेत. पण त्या मास्कला आतून वाफ धरली होती. मी वाकलो, पुसायला गेलो तर वाफ आतली. तू पुन्हा बोललास. मला काही दिसलं नाही. मी मान डोलावली, भिंगाच्या वेळी डोलावली होती तशीच. वहिनी म्हणतात, पाणी मागितलं असेल. असेल. मला जे सांगायचं होतं ते मी तेव्हा सांगायला हवं होतं, मोठ्याने, नर्सने हाकललं असतं तरी. की तू ती चालू केली होतीस. बाकीचं जाऊ दे. कंपनीला जमलं नाही, ते तू तव्यावर आणि भिंगाने केलं होतंस, आणि मी वरळीपर्यंत तिच्यातून हिंडलो होतो. हे ऐकून तू गेला असतास तर मला आज एवढं जड झालं नसतं.

बाकी भांडणाचं म्हणशील तर मी जिंकलो. ह्यांच्यापुढे आपली विद्या चालत नाही, माझं म्हणणं खरं ठरलं. तू असतास तर अजूनही म्हणाला असतास, माझा हात चुकला, गाडी नाही चुकली. तेही खरं. पण ज्या यंत्राला चार थेंब सोसत नाहीत आणि चार थेंबांनंतर सबंध मुंबईत ज्याचा एक तुकडा मिळत नाही, त्याची पूजा तरी कशाला करायची? ह्यावर तुझं काय उत्तर असतं ते मला ऐकायचं होतं.

आज सकाळी भंगारवाला आला. माझ्या मुलीने फोन केला होता. बिल्डरची माणसंही घाई करताहेत, जिन्याखालची जागा महिन्याभरात रिकामी करायची आहे. वहिनींनी तुझे पाने पोत्यात भरले, एक मला दिला. भंगारवाला गाडीभोवती फिरला. टायर बरे होते. इंजिन बघून म्हणाला, इंजिन तर नवंच आहे की. मग माझ्याकडे वळून विचारलं, “काका, बंदच होती ना ही?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसते ओठ हलले. चालू होती रे.

“काय म्हणालात?” त्याने विचारलं.

गल्लीत एवढी माणसं उभी होती, पण त्यातल्या कोणालाही ते वाचता आलं नाही. मी खिशातून चावी काढून त्याच्या हातात दिली.